भातुकलीच्या रांगेत आमच्या बाई

डॉ. कुमुदिनी आठल्ये यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या स्वतःच्या घरात जमिनीवर आडव्या पडल्या होत्या आणि शेजारची चार वर्षांची मुलगी त्यांच्या दंडात पेन्सिल टोचत होती. नवरात्राचे दिवस होते. टेंभी नाक्याकडचे रस्ते बंद, रिक्षावाल्याने मला लांबच उतरवलेलं, आणि उन्हात पाय ओढत मी पोहोचले होते ती संशोधन-साहाय्यकाच्या जागेसाठी मुलाखत द्यायला. दार उघडंच होतं. बाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "बसा. माझं इंजेक्शन व्हायचंय, मग तुमचा नंबर."

मी मनात म्हटलं, झालं! एवढी पायपीट केली ती यासाठी? तेवढ्यात पेन्सिलवाल्या छोट्या डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला काय होतंय?" मी म्हणाले, "पाय दुखतायत हो डॉक्टर." ते शंभर टक्के खरं होतं. डॉक्टरांनी माझा गुडघा ठोकला, कपाळाला हात लावला आणि फर्मान काढलं, "दोन दिवस शाळेत जायचं नाही आणि आइस्क्रीम बंद." बाई उठून बसल्या, साडी झटकली आणि म्हणाल्या, "सोमवारपासून या." हीच माझी मुलाखत. प्रमाणपत्रांची फाइल मी पिशवीतून बाहेरसुद्धा काढली नव्हती.

बाईंना आता पंचाहत्तरावं वर्ष लागलं आहे. त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या विद्वत्तेवर लिहिणारे माझ्याहून जाणते लोक आहेत. मी त्यांच्या हाताखाली वाढले, त्यांची बोलणी खाल्ली, त्यांच्याबरोबर ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या बालवाड्यांमधल्या फरशा झिजवल्या. तेव्हा मी आपलं मला दिसलं तेवढंच सांगते.

बाई ठाण्यातल्या एका महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवत. त्यांचा अभ्यासाचा विषय म्हणजे लहान मुलांचे खोटे-खोटे खेळ, आणि दुसऱ्याच्या मनात काय चाललंय हे मुलांना कधी आणि कसं कळू लागतं, हा प्रश्न. लोक हसायचे. भातुकलीवर कसली पीएच. डी., असं त्यांना तोंडावर विचारणारे प्राध्यापक मी पाहिले आहेत. बाई शांतपणे समजावत. चपलेची होडी करणाऱ्या मुलाला ती चप्पल आहे हे पक्कं ठाऊक असतं. आईने हाक मारली की तो तीच होडी पायात घालून पळतो. म्हणजे एकाच वेळी दोन गोष्टी त्याच्या डोक्यात नांदत असतात. आणि त्याचा मित्र जेव्हा "अरे, होडी बुडाली!" म्हणून ओरडतो, तेव्हा या मित्राच्याही डोक्यात होडी आहे, हे त्याला समजलेलं असतं. माणसांत राहायला हेच तर लागतं, असं बाई म्हणत. मग तो प्राध्यापक घड्याळ बघायला लागे.

त्यांच्या हाताखाली काम करणं सोपं नव्हतं. खुर्ची वर्ज्य. मुलांबरोबर जमिनीवर बसायचं, आणि बोलावणं आल्याशिवाय खेळात शिरायचं नाही. "लग्नाला आमंत्रणाशिवाय जाता का? मग भातुकलीला कशा जाता?" हे मी पहिल्याच आठवड्यात ऐकलं. दुसरा नियम असा, की "खरं सांग, या कपात चहा आहे का?" असं मुलाला कधीही विचारायचं नाही. माझा सहकारी मिलिंद एकदा विचारून बसला. त्या मुलाने त्याच्याकडे दयेने पाहिलं आणि शेजारच्या मुलीला सांगितलं, "या काकांना कायच कळत नाय." बाईंनी मिलिंदला वेगळं काही ऐकवायची गरज उरली नाही, तरी त्यांनी ऐकवलंच.

मुलांची उत्तरं चुकीची आहेत असं बाई सहसा म्हणत नसत. आमची एक लाडवाची चाचणी होती. बाहुली लाडू डब्यात ठेवून खेळायला जाते, ती नसताना तिची काकू तो कपाटात हलवते. परत आल्यावर बाहुली लाडू कुठे शोधेल? ज्याला दुसऱ्याच्या मनातलं कळतं तो म्हणणार, डब्यात, कारण बाहुलीला बदल माहीतच नाही. कल्याणला एक मुलगा म्हणाला, "शोधेल कशाला? ओरडेल ना, आई लाडू कुठाय!" मी शून्य लिहायला गेले तर बाईंनी माझा हात धरला. "अगं, तू घरी काय करतेस?" मी घरी हेच करते. ते उत्तर त्यांनी वेगळं नोंदवून ठेवायला लावलं.

त्यांच्या मायेबद्दल सांगायचं तर माझ्या बाळंतपणानंतरचं सांगते. मी काम सोडायच्या विचारात होते. बाई डिंकाचे लाडू घेऊन डोंबिवलीला आमच्या घरी हजर. मुलाला मांडीवर घेतलं आणि मला म्हणाल्या, "तू जा, तुझं प्रबंधाचं प्रकरण पुरं कर. दार लावून घे." माझ्या सासूबाई घाबरल्या. "अहो, माझ्या नातवावर प्रयोग नको हं!" बाई म्हणाल्या, "प्रयोग नाही हो, पण चहा मिळेल का? खरा." त्या दिवसापासून सासूबाई आणि बाई यांचं असं काही गूळपीठ जमलं, की माझ्याबद्दलच्या तक्रारी परस्पर बाईंकडे जाऊ लागल्या. प्रबंध मात्र पुरा झाला.

आता एक अवगुणही सांगते, नाहीतर हा लेख कोणाला खरा वाटायचा नाही. चूक कबूल करणं बाईंच्या रक्तात नव्हतं. एकदा कल्याणच्या एका बालवाडीत जायचं होतं. रिक्षावाला सांगत होता, मी सांगत होते, मिलिंद सांगत होता की रस्ता चुकतोय. बाई ऐकतील तर शपथ. आम्ही शहाडला जाऊन पोहोचलो. खाली उतरून, पदर सावरून, बाई म्हणाल्या, "मला शहाडलाच यायचं होतं. नदी बघायची होती." आणि आम्हाला नदी दाखवून आणली. हे एवढ्यासाठी सांगितलं, की पुढे ठाण्याजवळच्या दिवा गावी जे घडलं त्याची किंमत तुम्हाला कळावी.

दिव्याच्या एका बैठ्या खोलीत अंगणवाडी भरे. तिथे आमचं निरीक्षण चालू होतं. वस्ती दाटीची, घरं नवी पण पाण्याची बोंब जुनीच. तिथे एक दिवस सुनीता नावाची बाई आपल्या साडेचार वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीचं नाव आरोही. जवळच्या एका खाजगी शाळेने सांगितलं होतं, की मुलगी बोलत नाही, खेळत नाही, मागे आहे. पुढच्या वर्गात घेणार नाही. एखाद्या तज्ज्ञाचं पत्र आणा, नाहीतर मतिमंद मुलांची शाळा बघा.

सुनीता बाईंसमोर उभीच राहिली. बस म्हटलं तरी बसेना. "मॅडम, चाळीत बोलतात पोरगी वेडी आहे म्हणून. घरी चांगली बोलते हो ती. तुम्ही पण तेच लिहिलंत तर मी कुठं जाऊ?"

बाई अशी पत्रं देत नसत. त्यांनी आधी नाहीच म्हटलं. मग मुलीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बघू या."

आमची ठरलेली चाचणी बाईंनी स्वतः बसवलेली, ठाण्यातल्या मुलांवर पारखलेली. खेळण्यातली किटली, कप, वाट्या, एक बाहुली. मोठ्या माणसाने म्हणायचं, चला, चहा करू या. मूल ओततं, देतं, फुंकर मारून पितं, सांडला तर पुसतं. त्यावरून गुण. आरोहीने यातलं काहीच केलं नाही. किटली मांडीत धरून बसून राहिली. मिलिंदने गोड बोलून पाहिलं, "दे ना मला चहा." तिने मान हलवली. चहा नाही, बिस्कीट नाही, काही नाही. शेवटी ती भांडी घेऊन भिंतीशी गेली आणि पाठ फिरवून बसली. कागदावर पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्यं आली. दिव्याच्या बऱ्याच मुलांची थोडीफार अशीच आली होती, आणि अशा वस्त्यांतली मुलं खोटं-खोटं खेळण्यात मागे पडतात, असा निष्कर्ष बाईंच्या निबंधात लिहूनही झाला होता. ठाण्याच्या चर्चासत्रात तो वाचायचा होता.

चाचण्यांचं आम्ही चित्रीकरण करत असू. पत्र लिहायच्या आधी बाईंनी ते पाहायला घेतलं. पाहता पाहता थांबल्या. "ही भांडी भिंतीशी अशी कोणी लावली?"

"तिनेच, मॅडम. आम्ही नाय हात लावला," मिलिंद म्हणाला.

कप, वाट्या, एक झाकण, सगळं एकामागे एक, सरळ ओळीत. बाई बराच वेळ ते चित्र बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मिलिंद, त्या खोलीत शिरताना तू बाहेर काय ओलांडून आलास?"

"काय म्हणजे? हंडे. सगळ्या पॅसेजभर हंडे लावलेले."

"का लावलेले?"

"पाणी नव्हतं आलेलं म्हणून," म्हणता म्हणता मिलिंदचा चेहरा बदलला.

दिव्याला ज्यांनी दिवस काढले त्यांना सांगायला नको. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसतो. माणूस कामाला गेला तरी त्याचा हंडा रांगेत उभा राहतो, आणि त्या हंड्याचा नंबर सगळे पाळतात. पाळत नाहीत त्यांच्याशी भांडण होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाई दिव्याला. गुडघे तेव्हाही कुरकुरत होतेच. आरोहीने पुन्हा भांडी ओळीत लावली होती. बाई भिंतीला टेकून फरशीवर बसल्या, पर्समधून चष्म्याचं घर काढलं आणि शेवटच्या वाटीच्या मागे ठेवलं. बराच वेळ काही झालं नाही. मिलिंद चुळबुळ करायला लागला तेव्हा बाईंनी त्याच्याकडे असे डोळे वटारले की तो जागच्या जागी बसला.

मग आरोहीने चष्म्याच्या घराकडे बघितलं. "तुमचा नंबर मागे आहे."

"मागेच लावलाय हो मावशी. आज येईल का?"

"काय माहीत. काल पण नाय आलं."

"मग चहा?"

"पाणी नाय तर चहा कसला?" साडेचार वर्षांची मावशी बाईंवर खेकसली.

अहो, मी तिथेच बसले होते. आम्ही रिकाम्या कपात खोटा चहा बघायला गेलो होतो. तिने तो कप खोटा-खोटा रिकामा ठेवला होता, आणि आम्हाला ते दिसलंच नव्हतं.

पण खरी गंमत पुढेच झाली. तिने बाहुली उचलली, तिच्यापुढे ते झाकण ठेवलं आणि बाईंच्या कानाशी येऊन म्हणाली, "ही काकू लय चालू आहे. मी झोपली का बघते आणि हंडा पुढे सरकवते." एवढं बोलून तिने डोळे मिटले. आणि डोळे मिटलेलेच ठेवून, एका हाताने बाहुलीचं झाकण हळूच पुढे सरकवलं.

बाईंनी कुजबुजत विचारलं, "मावशी, झोपलात?"

"श्श! तिला वाटतं मी झोपली. मी नाय झोपली." मग खाडकन डोळे उघडून, "ए काकू! घे मागे! घे म्हणते ना!"

लाडवाच्या चाचणीत आम्ही विचारत होतो, की दुसऱ्याची समजूत चुकीची असू शकते हे मुलाला कळतं का. इथे एक मुलगी ती चुकीची समजूत स्वतः रचत होती, बाहुलीला त्यात अडकवत होती आणि वर आम्हाला समजावून सांगत होती. दारात सुनीता उभी होती. ती एकाच वेळी हसत होती आणि रडत होती. "मॅडम, ही माझीच नक्कल करतेय हो! मीच बसते अशी डोळे मिटून."

आणि मग तिच्या खेळातल्या नळाला पाणी आलं. आरोही उठून ओरडली, "आलं! आलं! चला!" एकेक भांडं नळाखाली गेलं, नंबराप्रमाणे. बाईंचं चष्म्याचं घरसुद्धा काठोकाठ भरून मिळालं, "सांडू नका हां" अशा ताकिदीसह. त्यानंतर मावशींनी किटली उचलली आणि आपणहून चहा टाकला. साखर किती, तेही विचारलं. बाईंनी फुंकर मारली, घोट घेतला आणि म्हणाल्या, "मावशी, फक्कड झालाय."

पत्र घेऊन बाई स्वतः शाळेत गेल्या. मुख्याध्यापिकांनी ते वाचून बाजूला ठेवलं. "आमच्याकडे ती तोंड उघडत नाही, त्याचं काय?" बाईंनी वाद घातला नाही. चित्रीकरण लावलं. मुख्याध्यापिका आधी नुसत्या बघत होत्या, बाहुली पकडली गेली तेव्हा खळखळून हसल्या. "ही आमची आरोही?" त्यांनी पुन्हा एकदा लावायला सांगितलं. जूनमध्ये आरोही आपल्याच वर्गाबरोबर पुढे गेली.

इथवर कोणीही चांगला माणूस करील. बाईंनी पुढे जे केलं ते फार थोडे करतात. चर्चासत्राच्या दिवशी निबंध छापून तयार होता, पाहुणे आले होते. बाई व्यासपीठावर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हा निबंध मी वाचणार नाही. दिव्याची मुलं नापास झाली नव्हती. माझा चहा नापास झाला." सभागृहात कुजबुज झाली. एक ज्येष्ठ गृहस्थ उठले. "मॅडम, एका मुलीवरून सगळं मोडीत काढता?" बाई म्हणाल्या, "एका मुलीने दाखवलं की मी बघतच नव्हते. आता बाकीच्यांकडे परत जायला नको का?" शहाडला उतरून नदी दाखवणाऱ्या याच त्या बाई. मिलिंद आणि मी मागच्या रांगेत बसून एकमेकांकडे बघत राहिलो. मला त्या क्षणी बाईंचा इतका अभिमान वाटला की काय सांगू!

आणि आम्ही खरंच परत गेलो. एकेका घरी, एकेका बालवाडीत. किटली पिशवीतच ठेवून. आधी बघायचं, की या घरात मुलं काय काय खेळतात. कोणी मासळीचा वाटा लावत होतं, कोणी गणपतीची वर्गणी मागत होतं, कोणी लिफ्ट बंद पडली म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरीला झापत होतं. दिव्याची मुलं कुठल्याही अर्थाने मागे नव्हती. बाईंचा नंतरचा निबंध आज शिकवला जातो. त्यात पहिला निष्कर्ष का टाकून दिला हेही बाईंनी सविस्तर लिहिलं आहे. तेवढा भाग विद्यार्थी गाळतात म्हणून मी तो परीक्षेला हमखास विचारते.

आरोही आता डोंबिवलीला कॉलेजात आहे, कॉमर्सला. बोलायला लागली की थांबत नाही, सुनीता वैतागते. दिव्याचं पाणी आजही तसंच आहे. या ग्रंथासाठी चार शब्द दे, म्हणून मी तिला फोन केला. ती म्हणाली, "ताई, मला फारसं आठवत नाही हो. मी किती लहान होते! एवढंच आठवतं, की सगळे येऊन मला हे कर, ते कर म्हणत होते. आणि मग एक मोठ्या बाई आलेल्या. त्या पुढे नाही घुसल्या. माझ्या मागे नंबर लावून बसलेल्या."

बाई, गेल्या महिन्यात तुमच्याकडे आले होते तेव्हा डॉक्टरांनी तुम्हाला जमिनीवर बसायची मनाई केलेली होती, आणि तुम्ही जमिनीवर बसून शेजारच्या नव्या डॉक्टरांकडून, त्याही चार वर्षांच्याच, कान तपासून घेत होतात. या दोन्ही डॉक्टरांचं ऐका. गुडघे जपा, गोळ्या वेळेवर घ्या. तुम्हाला उदंड आयुष्य आणि धडधाकट प्रकृती लाभो, ही आम्हा सर्वांची मनापासूनची इच्छा. या पुस्तकात लिहिणारे आणि न लिहिणारे आम्ही सगळे तुमच्यामागे आपापले हंडे लावून बसलो आहोत. तुम्ही निवांत बसा. आमच्यापैकी कोणीही पुढे घुसणार नाही.